समाक्ष केबलने जोडलेला एकध्रुवी आकाशक : सदृशीकरणाची चिकित्सा

समाक्ष केबलची मधली तार धातूच्या पत्र्यातून दांड्याच्या रूपाने वर काढली आणि केबलचे बाह्य कवच त्या पत्र्यास जोडले, की एकध्रुवी आकाशक सिद्ध होतो. आकाशक म्हणजे व्यवहारातला अँटेना. प्रारण करणारी याहून साधी रचना शोधूनही सापडणे कठीण. त्यामुळेच सदृशीकरणाचा, म्हणजे आराखड्याचे वर्तन संगणकावर आधी अजमावून पाहण्याचा, पदव्युत्तर वर्गातील पहिला पाठ बहुधा याच आकाशकावर दिला जातो. तो पाठ यशस्वी झाल्याचा निर्वाळाही लवकर मिळतो. अपेक्षित कंप्रतेजवळ आलेखात एक खोल दरी दिसते, मापनाच्या आलेखातही तशीच दरी आढळते, आणि दोहोंत उत्तम मेळ आहे असे प्रबंधात नमूद होते. हा मेळ कशाचा कशाशी पडला, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित केला जातो. वस्तुतः या आकाशकात दांडा हा सर्वांत कमी अडचणीचा भाग आहे. खरी अडचण दोन जागी आहे : दांडा जेथून वर येतो ते केबलचे मुख, आणि पत्रा जेथे संपतो ती त्याची कड. पाठ्यपुस्तकांनी या दोन्ही जागा हिशेबातून काढून टाकल्या. सदृशीकरणाच्या प्रणालींनी तोच हिशेब सोयीचा पर्याय म्हणून अभ्यासकाच्या हाती ठेवला आणि त्याला प्रामाण्य प्राप्त करून दिले.

पाठ्यपुस्तकातील मांडणी सर्वपरिचित आहे. पत्रा अनंत व परिपूर्ण संवाहक मानला, तर त्याच्या जागी दांड्याची प्रतिमा कल्पिता येते; दांडा आणि प्रतिमा मिळून द्विध्रुवी आकाशक होतो. अर्धतरंगी द्विध्रुवाचा संरोध, ज्याला प्रयोगशाळेत इंपीडन्सच म्हणतात, अतिबारीक तारेसाठी सुमारे ७३ ओहम वास्तव व ४२.५ ओहम कल्पित इतका येतो. एकध्रुवाला तेवढ्याच प्रवाहासाठी निम्मा दाब लागतो, म्हणून त्याचा संरोध निम्मा, म्हणजे ३६.५ ओहम वास्तव व सुमारे २१ ओहम कल्पित. शक्तीचे प्रारण केवळ वरच्या अर्धगोलात होत असल्याने दिशिकता द्विध्रुवाच्या दुप्पट, म्हणजे समदिश प्रारकाच्या तुलनेत ५.१६ डेसिबेल. पी. एस. कार्टर यांनी १९३२ मध्ये प्रारक मंडलांच्या परस्पर-संरोधाची जी गणिते प्रसिद्ध केली, त्या परंपरेतील हे आकडे आहेत, आणि त्यांची गृहीते मान्य केल्यास त्यांत काहीही चूक नाही. दांड्यातील प्रवाह ज्येच्या वक्राप्रमाणे वाटला जातो हे गृहीतही निराधार नाही. बारीक तारेच्या बाबतीत ते कितपत खरे आहे याचा पाया एच. सी. पॉकलिंग्टन यांच्या १८९७ च्या समाकल समीकरणानेच घातला होता.

प्रश्न गृहीते कोठून आली हा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मार्कोनीने उभ्या तारेचे खालचे टोक जमिनीशी जोडले, तेव्हा जमीन खरोखरच जमीन होती. १९३७ मध्ये ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन यांनी नभोवाणीच्या मनोऱ्याखाली पुरावयाच्या अरीय तारांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही प्रश्न होता तो जमीन पुरेशी संवाहक कशी करावी हा. ती कोठे संपते हा नव्हे. पुढे कंप्रता वाढत गेली, दांडा बोटाएवढा झाला आणि त्याखालची भूमी वीतभर पत्र्याची झाली. नाव मात्र तेच राहिले. इंग्रजीत त्या पत्र्याला अद्याप ग्राउंड प्लेन म्हणतात, आणि येथे सोयीसाठी योजलेला 'भूपट' हा शब्दही पृथ्वीला आपल्यासोबत ओढून आणतोच. शब्दांच्या अशा वारशामुळे कल्पनाही वारशाने येतात. वीतभर पत्र्यावरचा आकाशक पृथ्वीवरचा समजून मोजला जातो.

आता आराखड्याचे एक ठोस उदाहरण घेणे इष्ट ठरेल. कंप्रता २४५० मेगाहर्ट्‌झ असावी. तरंगलांबी १२२.४ मि.मी., तिचा चतुर्थांश ३०.६ मि.मी. पत्र्यावर बसविण्याचा प्रचारातला एसएमए जोडक घेतला, तर त्याच्या मधल्या पिनेचा व्यास १.२७ मि.मी. आणि भोवतालच्या टेफ्लॉनचा व्यास सुमारे ४.१ मि.मी. असतो, ही मापे ५० ओहमच्या जवळपासचा अभिलक्षणिक संरोध देतात. दांडा नेमका चतुर्थांश तरंगलांबीचा ठेवला, तर वरील २१ ओहमचा कल्पित भाग शिल्लक राहतो आणि ५० ओहमच्या केबलकडे परत फिरणारा तरंग सुमारे उणे ११ डेसिबेलचा असतो. म्हणून दांडा चार-पाच टक्क्यांनी आखूड करून कल्पित भाग शून्यावर आणावा लागतो. असे केल्यावर परावर्तन उणे १५ ते उणे १६ डेसिबेलपर्यंत खाली येते; त्याहून फारसे खाली येण्याचे कारण नाही, कारण ३६ आणि ५० यांतील तफावत दांडा कापून भरून निघत नाही. तात्पर्य, अनंत भूपटावरील साध्या चतुर्थांश दांड्याच्या आलेखात उणे ४० डेसिबेलची दरी दाखविली असेल, तर वाचकाने तिचे कौतुक करण्यापूर्वी दांडा कशाला जोडला होता याची चौकशी करावी.

ही चौकशी केबलच्या मुखापाशी नेते. एरिक हालेन यांनी १९३८ मध्ये आणि त्यांच्यानंतर हार्वर्डच्या रोनोल्ड किंग यांनी रेषीय आकाशकाचा जो सिद्धांत उभा केला, त्यात आकाशकाला विद्युत् दाब मिळतो तो एका कल्पित फटीतून. आणि ती फट शून्य रुंदीची असते. गणिताला हे सोयीचे आहे, भौतिक दृष्टीने मात्र असंभव आहे. शून्य रुंदीच्या फटीच्या दोन काठांमधील धारिता अनंत होते. संरोधाचा व्यस्त घेतला असता त्याचा वास्तव भाग स्थिर उत्तराकडे जातो. कल्पित भाग मात्र गणित जितके सूक्ष्म करावे तितका वाढतच राहतो. ही वाढ लघुगणकाच्या मंद गतीची आहे, म्हणूनच ती धोक्याची आहे. गणक दोन-चार वेळा जाळी बारीक करतो, उत्तर फारसे हलत नाही, आणि अभिसरण झाले असे मानून तो थांबतो. ज्याचे अभिसरण तत्त्वतःच शक्य नाही ते झाल्यासारखे दिसते.

किंग यांना याची पूर्ण जाणीव होती, हे त्यांच्या १९५६ च्या 'द थिअरी ऑफ लिनिअर अँटेनाज' या ग्रंथाच्या वाचकास सांगावयास नको. आदर्श आकाशकाचा संरोध आणि केबलमधून प्रत्यक्ष दिसणारा 'भासमान' संरोध यांत ते स्पष्ट भेद करतात, आणि त्या दोहोंतील अंतर भरून काढण्यासाठी संधिस्थानी एक लहानसे मंडल कल्पितात. केबलचे क्षेत्र संपून आकाशकाचे क्षेत्र सुरू होण्याच्या या प्रदेशाला त्यांनी अंत्यविभाग मानले. सिद्धांत व मापन यांची सांगड घालणारा हा त्यांच्या विवेचनातील सर्वांत प्रामाणिक भाग होय. दुर्दैव असे, की पुढील पाठ्यपुस्तकांनी किंग यांचे आकडे व तक्ते घेतले आणि अंत्यविभाग वगळला. वाचकाच्या हाती आकाशकाचा संरोध ही एक निखळ संख्या आली. तो संरोध कोणत्या प्रतलावर, कोणत्या केबलने पाहिलेला, हा प्रश्न तिच्यापासून अलग झाला.

रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ च्या ग्रंथाने आघूर्ण-पद्धतीला व्यवस्थित रूप दिल्यावर हे समीकरण संगणकावर सोडविणे सुलभ झाले. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत बर्क आणि पॉजिओ यांनी सिद्ध केलेली, १९८१ पासून सर्वत्र पसरलेली 'न्यूमेरिकल इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स कोड' ही प्रणाली त्याचे सर्वांत यशस्वी फळ. तारांच्या आकाशकांसाठी तिची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु तीच प्रणाली वरील उदाहरणास लावली असता काय होते ते पाहण्यासारखे आहे. प्रणाली दांड्याचे खंड पाडते आणि तळच्या खंडावर दाब लावते. तिच्या निर्मात्यांनीच घालून दिलेल्या नियमाप्रमाणे खंडाची लांबी तारेच्या त्रिज्येच्या सुमारे आठपट तरी असावी. येथे त्रिज्या ०.६३५ मि.मी.; म्हणजे खंड ५ मि.मी.हून लहान करता येत नाही, आणि २९ मि.मी.च्या दांड्याला जेमतेम पाच खंड मिळतात. केबलच्या मुखाशी पिन व कवच यांमधील अंतर १.४ मि.मी. आहे. ज्या फटीतून सर्व शक्ती बाहेर येते ती फट प्रणालीच्या सर्वांत लहान मापापेक्षाही साडेतीनपट लहान पडते. ती प्रणालीला दिसतच नाही. समीकरणाचा विस्तारित गाभा वापरला, तर खंडाची मर्यादा त्रिज्येच्या दुपटीपर्यंत खाली येते हे खरे. पण मग खंड आणि फट ही एकाच मापाची होतात, आणि खंड बदलला की फट बदलल्यासारखे होते. तात्पर्य, अशा सदृशीकरणात समाक्ष केबल ही फक्त शीर्षकात असते.

याचा अर्थ ते उत्तर टाकाऊ असते असा नव्हे. दांडा बारीक आणि कंप्रता कमी असेल, तर मुखाच्या धारितेचा वाटा क्षुल्लक असतो आणि फटीचे सोंग खपून जाते. आक्षेप उत्तरावर नाही. दांडा जाड होत जातो, कंप्रता वाढत जाते, आणि तरीही तेच सोंग कोणत्याही चौकशीवाचून चालू ठेवले जाते, यावर आक्षेप आहे.

मुखाला न्याय देण्याचा पहिला समाधानकारक मार्ग एल. एल. त्साय यांनी १९७२ मध्ये दाखविला. मुखाच्या कंकणाकृती उघड्या भागात विद्युत् क्षेत्र केबलमधल्यासारखेच, म्हणजे अक्षापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात, असते असे मानावे. मग ते मुख पत्र्याने बंद करून त्याच्या जागी चुंबकीय प्रवाहाचे एक कंकण ठेवता येते, आणि अक्षावरील त्याचे क्षेत्र एका ओळीच्या सूत्रात मिळते. या सूत्रात दोनच अंतरे येतात, एक आतल्या संवाहकाच्या काठापासूनचे आणि दुसरे बाहेरच्या. केबलची दोन्ही मापे अशा रीतीने गणितात प्रथमच प्रवेश करतात. कॉन्स्टंटाइन बॅलनिस यांच्या 'अँटेना थिअरी' या पाठ्यपुस्तकाचा एक गुण असा, की त्यात फट आणि कंकण ही दोन्ही प्रतिरूपे शेजारी ठेवून मांडली आहेत. विद्यार्थी त्यांतील पहिले वापरतात आणि दुसरे परीक्षेपुरते पाठ करतात, याचा दोष पुस्तकाकडे जात नाही.

कंकणाच्या प्रतिरूपातही एक गृहीत राहतेच : मुखावरचे क्षेत्र केबलमधल्यासारखेच असते. काटेकोर पाहता ते तसे नसते. मुखाशी क्षेत्र बाहेर वाकते आणि केबलमध्ये वरच्या दर्जाचे तरंगप्रकार उद्भवतात. ते फार आत जाऊ शकत नाहीत. रचना अक्षाभोवती सममित असल्याने त्यांतील सर्वांत दूर पोहोचणारा प्रकारही प्रत्येक फटीएवढ्या अंतरात, म्हणजे येथे दर १.४ मि.मी.स, सुमारे तेवीसपट क्षीण होतो. तेव्हा केबलचा चार-पाच मि.मी. लांबीचा तुकडा सदृशीकरणात जसाच्या तसा घेतला आणि त्याच्या खालच्या टोकाशी तरंगद्वार ठेवले, तर मुखाविषयी कोणतेही गृहीत करावे लागत नाही. केबलचा तुकडा न घेता मुखावरच द्वार ठेवण्याची जी सवय दिसते, तिने वाचतो तो संगणकाचा एखादा मिनिट. हातून जाते ती नेमकी तपासावयाची गोष्ट.

या दृष्टीने जेम्स मॅलोनी, ग्लेन स्मिथ आणि वेमंड स्कॉट यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध आजही नमुन्यादाखल वाचावा असा आहे. केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली काल-अवकाशाच्या जाळीची पद्धती त्यांनी समाक्ष केबलने जोडलेल्या दंडाकार व शंकाकार एकध्रुवांना लावली. अक्षीय सममितीचा लाभ घेऊन त्रिमित प्रश्न द्विमितीत आणला, केबल जाळीतच अंतर्भूत केली आणि तिच्यातून एक स्पंद वर सोडला. निबंधाचे खरे मोल पद्धतीच्या नावीन्यात नाही. ते तुलनेसाठी निवडलेल्या राशीत आहे. केबलमध्ये परत येणारा विद्युत् दाब ही राशी त्यांनी सदृशीकरणात काढली. मापनयंत्रही नेमके तेच मोजते. तुलना करावयाच्या दोन वस्तू एकाच जातीच्या असल्या पाहिजेत, ही तर्कशास्त्रातील प्राथमिक अट येथे पाळली गेली आहे. किंग यांना अंत्यविभागाचे मंडल जोडून जे साधावे लागले, ते येथे रचनेतच साधले.

प्रबंधांत तुलनेसाठी जी राशी घेतली जाते तिच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, म्हणजे 'उत्तम मेळ' किती स्वस्त आहे हे ध्यानात येते. परावर्तन गुणांकाचे केवळ मूल्य डेसिबेलमध्ये काढून कंप्रतेसमोर मांडले जाते. त्याची कला वगळली जाते. संदर्भ-प्रतल केबलमधून वर-खाली सरकविले, तर मूल्य बदलत नाही, फक्त कला बदलते. टेफ्लॉनमधील तरंगलांबी येथे सुमारे ८४ मि.मी. आहे, म्हणजे प्रतल एक मि.मी. सरकले की कला साडेआठ अंशांनी फिरते. जोडकाची लांबी सेंटिमीटरभर धरली, तर संरोध पूर्णपणे निराळा दिसेल आणि आलेख मात्र तसूभरही हलणार नाही. प्रतल कोठे आहे हे ज्याला कळत नाही असा आलेख संरोधाविषयी साक्ष देऊ शकत नाही. दरीच्या खोलीविषयी तर बोलावयासच नको. उणे २५ डेसिबेल म्हणजे परत फिरणारी शक्ती हजारात तीन; उणे ३५ म्हणजे दहा हजारांत तीन. या दोहोंतील फरकावर प्रबंधात परिच्छेद खर्ची पडतात, आणि तो फरक जोडकाचा आटा अर्धा फेरा घट्ट केल्यानेही उत्पन्न होऊ शकतो.

दुसरी जागा पत्र्याची कड. कडेचा संरोधावर होणारा परिणाम समजण्यास सोपा आहे : दांड्यापासून निघालेला तरंग कडेवरून अंशतः परततो, आणि त्रिज्या वाढेल तसा दांड्याच्या रोधाचा आकडा अनंत भूपटाच्या मूल्याच्या वर-खाली हेलकावत हळूहळू त्याकडे जातो. जाण्या-येण्याचे अंतर त्रिज्येच्या दुप्पट असल्याने एक हेलकावा अर्ध्या तरंगलांबीचा. काल-क्षेत्रात काम करणाऱ्यास हा परतावा वेगळा काढता येतो. एक मीटर त्रिज्येच्या पत्र्यावर कडेची वार्ता पावणेसात नॅनोसेकंदांनंतर दांड्याशी पोहोचते. तोवर मिळालेले उत्तर अनंत भूपटाचेच असते. पत्रा पुरेसा मोठा घेतला, की संरोधापुरती अनंताची कल्पना निर्धोक ठरते, हे यावरून मान्य करावयास हरकत नाही.

दिशिकतेची गोष्ट अगदी निराळी आहे, आणि येथे पाठ्यपुस्तकांची मांडणी केवळ अपुरी न राहता दिशाभूल करणारी होते. पत्रा पातळ, सपाट व परिपूर्ण संवाहक मानावा. वर्तुळाकार असण्याचीही गरज नाही. दांड्यात काही एक प्रवाह वाहत आहे आणि पत्र्याखाली काही नाही. ही स्थिती दोन स्थितींची बेरीज म्हणून लिहिता येते. पहिलीत पत्र्याच्या वर अर्धा प्रवाह आणि खाली, प्रतिबिंबाच्या जागी, त्याच दिशेने तेवढाच अर्धा. दुसरीत वर अर्धा आणि खाली उलट दिशेने अर्धा. बेरजेत वरचे अर्धे मिळून पूर्ण प्रवाह होतो आणि खालचे एकमेकांस रद्द करतात. आता पहिल्या स्थितीत, सममितीमुळे, मध्यप्रतलावर विद्युत् क्षेत्राचा त्या प्रतलास समांतर घटक मुळातच शून्य असतो. पत्र्याची अट आधीच पूर्ण झालेली असल्याने पत्रा असला काय आणि नसला काय, क्षेत्र तेच. दुसऱ्या स्थितीत क्षेत्राचा उभा घटक प्रतलाच्या वर व खाली विरुद्ध चिन्हांचा असतो. म्हणून पत्र्याच्या बाहेर, जेथे तो अखंड असलाच पाहिजे तेथे, तो शून्य होतो. क्षितिजाच्या दिशेने दूर जाणारे क्षेत्र हे उभ्या घटकाचेच असते. तेव्हा क्षितिजावर दुसऱ्या स्थितीचा वाटा शून्य, आणि उरते ते पहिल्या स्थितीचे, मोकळ्या अवकाशातील द्विध्रुवाचे, अर्ध्या प्रवाहाने निर्माण केलेले क्षेत्र. अनंत भूपटाच्या हिशेबात हेच क्षेत्र पूर्ण प्रवाहाचे येते.

याचा अर्थ असा, की तेवढ्याच प्रवाहासाठी सांत पत्र्यावरील आकाशकाचे क्षितिजावरील क्षेत्र अनंत पत्र्याच्या बरोबर निम्मे आणि शक्तीची तीव्रता बरोबर एक चतुर्थांश असते. पत्रा वीतभर असो की मैलभर. पत्रा मोठा केल्याने हा भेद कमी होत नाही. अनंताकडे जाताना जे मूल्य मिळते ते अनंतावरच्या मूल्याहून वेगळे आहे. मेल्विन वायनर यांच्या २००३ च्या 'मोनोपोल अँटेनाज' या ग्रंथातील तक्ते हेच सांगतात. पत्रा जवळजवळ नाहीसा केला, तर चतुर्थांश दांड्याचा प्रारण-रोध १९.४ ओहम आणि दिशिकता १.८८ डेसिबेल, पत्रा अतिशय मोठा केला, तर रोध ३६.५ ओहमच्या जवळ जातो आणि क्षितिजावरील दिशिकता शून्याच्याही खाली, उणे ०.८६ डेसिबेलपर्यंत उतरते. कमाल प्रारण क्षितिजावर न राहता काही अंशांनी वर उचलले जाते. क्षितिजापुरते पाहता मोठा पत्रा लहान पत्र्याहून उणा ठरतो, हा निष्कर्ष पाठ्यपुस्तक वाचलेल्यास विपरीत वाटेल. परंतु वरील सममितीच्या युक्तिवादात कोठेही सुटका नाही.

५.१६ डेसिबेल हा आकडा जो प्रबंध क्षितिजावरील दिशिकता म्हणून छापतो, तो अशा रीतीने बांधलेल्या कोणत्याही आकाशकाचे वर्णन करीत नाही. वाहनाच्या टपावरील किंवा मैदानात उभ्या केलेल्या यंत्राचा संपर्क क्षितिजालगतच होतो. त्याचा हिशेब या आकड्यावरून केला, तर शक्ती चौपट आणि मोकळ्या अवकाशातील पल्ला दुप्पट धरला जातो. वायनर यांच्या ग्रंथाची रचना तक्त्यांनी भारावलेली आहे आणि तो सलग वाचण्यासारखा नाही. परंतु ज्या एका गोष्टीसाठी पाठ्यपुस्तकांनी त्याचे ऋणी असावयास हवे होते, ती त्यांनी अद्याप उचललेली नाही.

विशेष म्हणजे याच युक्तिवादाने सदृशीकरण तपासण्याचे एक साधन मोफत मिळते. पत्र्याची त्रिज्या निरनिराळी घेऊन प्रणाली चालवावी, आणि प्रत्येक वेळी क्षितिजावरील तीव्रतेस तळच्या प्रवाहाच्या वर्गाने भागावे. दांड्यातील प्रवाहाची वाटणी फारशी बदलत नसल्याने भागाकार जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. तो त्रिज्येबरोबर भटकू लागला, तर पत्र्याच्या कडेजवळची जाळी जाड आहे, अथवा गणनक्षेत्राची बाह्य सीमा फार जवळ आहे, असे खुशाल समजावे. ही परीक्षा कोणत्याही मापनावाचून होते. जाळी बारीक करून उत्तर स्थिरावल्याचे दाखविण्याची जी परीक्षा सर्वत्र चालते, तिच्याहून ही कठोर आहे. कारण तेथे उत्तराची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

युक्तिवादातील एक अट मात्र प्रयोगशाळेत सहज मोडते : पत्र्याखाली काही नाही, ही. प्रत्यक्षात तेथे केबल लोंबत असते. पत्रा तरंगलांबीच्या मानाने मोठा असेल, तर त्याच्या खालच्या पृष्ठावर फारसा प्रवाह पोहोचत नाही. तो वीतभर असेल, तर कडेवरून वळून खाली आलेला प्रवाह केबलच्या कवचाच्या बाहेरील अंगाने खाली उतरतो आणि केबल ही आकाशकाचाच एक भाग बनते. याची खूण ओळखण्यास यंत्र लागत नाही. केबलवरून हात फिरविताना पडद्यावरील दरी हलू लागली, की प्रवाह बाहेर वाहत आहे हे निश्चित झाले. फेराइटची कडी ओवून अथवा पत्र्यालगत केबलवर चतुर्थांश तरंगलांबीची नळी चढवून तो अडविता येतो. सदृशीकरणात केबल पत्र्याखाली चार-पाच मि.मी.वर संपते, बाहेरील अंगाने वाहण्यास प्रवाहाला जागाच नसते. मापनात ती मीटरभर लांब असते. लहान पत्र्याच्या आकाशकाचे हे दोन आलेख एकमेकांशी हुबेहूब जुळत असतील आणि प्रबंधात कड्यांचा अथवा नळीचा उल्लेख नसेल, तर परीक्षकाने प्रथम केबल कोठे व कशी टांगली होती हे विचारावे.